कृत्रिम नखांनंतरचे सहा महिने : मूळ नख पूर्ववत कसे होते?

लग्नसराईत, कार्निव्हलच्या दिवसांत किंवा चतुर्थीच्या तोंडावर बसवून घेतलेली लांब, चकचकीत नखे दोन-तीन आठवड्यांनी उतरवावी लागतात. खालून जे मूळ नख बाहेर येते, ते पाहून अनेकजणी धास्तावतात. ते कागदासारखे पातळ झालेले असते, त्यावर पांढुरके खरखरीत चट्टे असतात, टोकाला पापुद्रे सुटलेले असतात आणि भांडी घासताना कोमट पाणीही झोंबते. अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे त्यावर पुन्हा नवी नखे बसवणे. त्याने इजा झाकली जाते. पण पुढच्या खेपेला आणखी पातळ नख हाती येते.

हे चक्र थांबवायचे असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. खराब झालेले नख दुरुस्त होत नाही. ते वाढून पुढे सरकते आणि कापले जाते. त्याच्या जागी मुळाकडून नवे नख येते. म्हणजे आपल्या हाती असते ते दोनच गोष्टींचे काम : नव्या नखाचे मूळ सांभाळणे आणि जुने नख कापण्याजोगे होईपर्यंत त्याला आणखी इजा होऊ न देणे. या लेखातील सर्व सूचना या दोन कामांभोवतीच फिरतात.

नखाची रचना

आपण ज्याला नख म्हणतो ती कठीण, अर्धपारदर्शक पट्टी म्हणजे मृत पेशींचे एकमेकांवर घट्ट बसलेले थर होत. या पेशी केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या असतात. केस आणि त्वचेचा सर्वांत बाहेरचा थरही याच प्रथिनाचा बनलेला असतो. हाताच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. या पट्टीत रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू नसतात. त्यामुळे नख कापताना दुखत नाही आणि त्याच कारणाने नखावर झालेली झीज नख स्वतः भरून काढू शकत नाही.

जिवंत भाग असतो तो नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली. अंगठ्याच्या नखावर जी पांढुरकी चंद्रकोर दिसते, ती या नखमुळाचाच डोळ्यांना दिसणारा अंश. तेथे नव्या पेशी तयार होतात आणि जुन्या पेशींना पुढे ढकलतात. नखाखालची गुलाबी नखशय्या या पट्टीला धरून ठेवते. घडीच्या काठाशी जो पातळ पापुद्रा नखाला चिकटलेला असतो, ते क्युटिकल. शोभेसाठी ते खरवडून काढण्याची पद्धत असली तरी त्याचे काम बाटलीच्या बुचासारखे असते : पाणी, जंतू आणि रसायने नखमुळापर्यंत जाऊ न देणे.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नवे नख येण्यास साधारण सहा महिने लागतात. पायाचे नख याच्या निम्म्या वेगाने वाढते; पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण बदलण्यास बारा ते अठरा महिने जातात. वाढत्या वयात हा वेग आणखी मंदावतो. आठवड्याभरात नख ‘पूर्ववत’ करून देण्याचे वचन देणारे कोणतेही उत्पादन या हिशेबात बसत नाही.

‘नखांना श्वास घेऊ द्यावा’ असे नेहमी ऐकू येते. नखपट्टी श्वास घेत नाही. नखमुळाला प्राणवायू मिळतो तो रक्तातून. तरीही दोन खेपांमध्ये अंतर ठेवण्याचा सल्ला योग्यच आहे, कारण त्या काळात नखावर कानस चालत नाही, ॲसिटोन लागत नाही आणि नखाचा रंग व पोत उघड्या डोळ्यांनी पाहता येतो.

इजा नेमकी कुठे होते

कृत्रिम नखांचे ॲक्रिलिक हे मुळात दंतवैद्याच्या कपाटातून आलेले द्रव्य. अमेरिकेतील दंतवैद्य फ्रेड स्लॅक यांनी १९५४ मध्ये दातांच्या कामातील ॲक्रिलिक वापरून तुटलेल्या नखावर कृत्रिम नख बसवले आणि तेथून या व्यवसायाची सुरुवात झाली, असे मानले जाते. भुकटी आणि द्रव एकत्र कालवून नखावर लावले की ते मिश्रण हवेत घट्ट होते. सुरुवातीच्या काळात त्यासाठी मिथाइल मेथाक्रिलेट हे रसायन सर्रास वापरले जाई. नखाची व त्वचेची हानी होत असल्याच्या तक्रारी आल्यावर १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने निव्वळ या रसायनाच्या उत्पादनांविरुद्ध कारवाई केली. त्याची जागा पुढे मुख्यतः इथाइल मेथाक्रिलेटने घेतली.

जेल प्रकारात घट्ट होण्याची क्रिया अतिनील किंवा एलईडी दिव्याखाली होते. जेल पॉलिश हा त्यातील पातळ प्रकार, तर नख लांबवण्यासाठी वापरले जाणारे कठीण जेल हा जाड प्रकार. तयार नखे गोंदाने चिकटवण्याचा ‘प्रेस-ऑन’ हा तिसरा मार्ग. बोटांनी तारा छेडणारे काही गिटारवादकही ॲक्रिलिकची नखे वापरतात; तेव्हा हा विषय केवळ सौंदर्यप्रसाधनाचा राहत नाही.

या प्रत्येक प्रकारात इजेच्या जागा मात्र त्याच आहेत. पहिली, बसवण्यापूर्वीची घासणी. गुळगुळीत नखावर लेप टिकत नाही, म्हणून नखाचा पृष्ठभाग खरखरीत केला जातो. फिरत्या यंत्राचा हात जरा जड पडला की अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीतील मोठा भाग झिजून जातो. दुसरी, लांबी. लांब कृत्रिम नख पहारीसारखे काम करते. टोकाला बसलेला धक्का मुळाकडे अनेक पटींनी पोहोचतो आणि नखपट्टी नखशय्येपासून सुटते. तिसरी, आणि बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत मोठी, ओढून काढणे. सुटत आलेल्या जेलची कड दाताने किंवा दुसऱ्या नखाने उचकटली की जेलबरोबर मूळ नखाचे वरचे थर निघून येतात. चौथी, रसायने. ॲसिटोन नखातील आणि कातडीतील स्निग्धता शोषून घेते, तर पूर्ण न घट्ट झालेल्या ॲक्रिलेटमुळे ॲलर्जी होऊ शकते.

उतरवताना घ्यावयाची काळजी

नखे उतरवण्याचे काम अनुभवी व्यक्तीकडून करून घेणे केव्हाही उत्तम. ते घरी करायचेच असेल तर क्रम असा ठेवावा.

१. कृत्रिम नखाची वाढलेली लांबी आधी कापून घ्यावी. कापताना मूळ नख त्यात अडकणार नाही, हे पाहावे.

२. वरचा चकचकीत थर कानशीने हलका घासावा, म्हणजे ॲसिटोन आत मुरते. मूळ नख दिसू लागेपर्यंत घासू नये.

३. नखाभोवतीच्या कातडीवर पेट्रोलियम जेलीचा जाडसर थर द्यावा.

४. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा लहान बोळा नखावर ठेवून त्यावर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी गुंडाळावी. जेल पॉलिशला दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. ॲक्रिलिकला अर्धा तास किंवा थोडे अधिकही लागते. वाडग्यात सगळी बोटे बुडवून ठेवण्यापेक्षा ही पद्धत बरी, कारण कातडी कमी कोरडी पडते.

५. मऊ झालेला लेप लाकडी काडीने अलगद पुढे सरकवावा. जो भाग सरकत नाही तो खरवडू नये. पुन्हा पाच मिनिटे बोळा ठेवावा. लोखंडी चिमटा, सुरीचे टोक, दात यांचा उपयोग करू नये.

६. शेवटी साबणाने हात धुऊन, पुसून, लगेच तेल किंवा जाड मलम लावावे.

ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. ते गॅसच्या शेगडीजवळ, पेटत्या समईजवळ वा उदबत्तीजवळ उघडू नये. ते तापवू तर मुळीच नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कठीण जेल ॲसिटोनमध्ये विरघळत नाही, ते घासूनच काढावे लागते. म्हणून आपल्या नखावर नेमका कोणता प्रकार बसवला आहे, हे बसवतानाच विचारून ठेवावे. प्रेस-ऑन नखे साबणाच्या कोमट पाण्यात बोटे ठेवून आणि कडेने तेल सोडून बहुधा सुटतात. त्यांच्या गोंदाविषयी एक सावधगिरी बाळगावी : सायनोॲक्रिलेट जातीचा हा गोंद सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर क्षणात तापतो आणि कातडी भाजू शकते.

उतरवल्यावर दिसणाऱ्या खुणा

प्रत्येक खूण गंभीर नसते. पण कोणती कशाची, हे कळले तर निष्कारण औषधे टळतात.

पांढरे, खरखरीत, पिठूळ चट्टे हे बहुधा केराटिनचे वरचे थर सोलले गेल्याचे लक्षण. ते अनेकदा बुरशी समजून औषध लावले जाते. चट्टे नखाच्या पृष्ठभागावरच असतील आणि नखाबरोबर पुढे सरकत असतील, तर ती केवळ झीज असते.

टोकाला सुटणारे पापुद्रे म्हणजे थरांना धरून ठेवणारी पकड सैल झाल्याची खूण. वारंवार ओले होणे आणि सुकणे हे त्याचे मुख्य कारण.

नखावर आडवी, लालसर, दुखरी रेघ दिसली तर तेथे कानस फार खोल गेली आहे. अशा जागी नख इतके पातळ झालेले असते की खालच्या नखशय्येची लाली दिसते. त्यावर पुन्हा कोणताही लेप बसवू नये.

नखाचा टोकाकडील पांढरा भाग अचानक मुळाकडे सरकल्यासारखा दिसला तर नख नखशय्येपासून सुटले आहे. त्या पोकळीत पाणी साचते आणि जंतूंना आसरा मिळतो. हे दुर्लक्षिण्याजोगे नाही, कारण नख दीर्घकाळ सुटलेलेच राहिले तर नखशय्येची त्याला पुन्हा धरून ठेवण्याची क्षमता कमी होत जाते.

पहिले दोन आठवडे

या काळात नखे शक्य तितकी आखूड ठेवावीत. आखूड नखाला धक्का कमी बसतो, ते अडकत नाही, दुमडत नाही. बारीक दाण्याची, २४० क्रमांकाच्या आसपासची कानस एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवावी. करवतीप्रमाणे मागे-पुढे घासल्याने थर सुटतात. नखाचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करण्याचा मोह टाळावा. पातळ झालेल्या नखातून आणखी काही काढण्याजोगे उरलेलेच नसते.

नख सुटले असेल तर सुटलेला भाग अलगद कापून टाकावा. त्याखाली टाचणी, काडी किंवा नखकोरणी घालून सफाई करू नये. त्याने सुटलेली जागा वाढत जाते. हात धुतल्यावर बोटांची टोके नीट कोरडी करावीत.

पाण्याशी असलेला संबंध हा या काळातील कळीचा मुद्दा. नख पाणी चटकन शोषते, फुगते आणि सुकताना आकसते. दिवसातून वीस वेळा हे घडले की पातळ नखाचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. मासे साफ करणे, भांडी, धुणे अशा कामांसाठी रबरी हातमोजे वापरावेत आणि त्यांच्या आत सुती मोजे घालावेत. नाहीतर घामाने बोटे आतल्या आत भिजतात. लिंबू, चिंच, कोकम हाताळताना सोललेल्या नखाला झोंबते, तेथेही मोजे उपयोगी पडतात. नारळ खवताना किंवा डब्याचे झाकण उघडताना नखाचा अवजारासारखा वापर करू नये.

पुढचे पाच महिने

दिवसातून दोन-तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यानंतर, नखांना व भोवतालच्या कातडीला स्निग्ध लेप लावणे हा या काळातील खरा उपचार. महागड्या ‘क्युटिकल ऑइल’चीच गरज आहे असे नाही. पेट्रोलियम जेली आतला ओलावा उत्तम प्रकारे धरून ठेवते. घरातले खोबरेल तेलही चालते. नखे फार कोरडी असतील तर युरियायुक्त मलम औषधविक्रेत्याकडे मिळते. रात्री झोपताना लेप लावून सुती मोजे घातले तर परिणाम अधिक जाणवतो. या लेपांनी नख जाड होत नाही. त्याची लवचीकता टिकते आणि ते कमी तुटते. त्यामुळे नवे नख टोकापर्यंत सुखरूप पोहोचते.

क्युटिकल कापू नये, मागे ढकलू नये. कातडीचा सुटलेला तुकडा ओढण्याऐवजी स्वच्छ नखकात्रीने कापावा. साधे नेलपॉलिश लावायचे असल्यास नख झोंबणे थांबेपर्यंत थांबावे आणि ते काढताना ॲसिटोनविरहित द्रव आठवड्यातून एकदाहून अधिक वापरू नये.

नखे कडक करणाऱ्या द्रवांबाबत सावध राहावे. त्यांपैकी काहींत फॉर्माल्डिहाइड असते. त्याने नख सुरुवातीला कठीण वाटते. पण लवचीकपणा गेल्याने पुढे ते काचेसारखे तडकते, शिवाय त्याची ॲलर्जीही होऊ शकते. लसूण चोळणे, लिंबाच्या रसात नखे बुडवणे हे घरगुती उपाय सोललेल्या नखावर दाहच करतात.

प्रगती मोजण्याची एक साधी रीत आहे. पहिल्या दिवशी आणि पुढे दर महिन्याला त्याच उजेडात नखांचे छायाचित्र घ्यावे. साधारण महिन्याभराने मुळाशी गुळगुळीत, चमकदार पट्टा दिसू लागतो. तेच नवे निरोगी नख. तीन महिन्यांनी ते अर्ध्यावर येते. या काळात जुन्या आणि नव्या नखाच्या सांध्यापाशी नख तुटण्याचा धोका असतो, म्हणून लांबी वाढवण्याची घाई करू नये. सहाव्या महिन्याच्या सुमारास शेवटचा खराब भाग कापला जातो.

आहार आणि बायोटिन

संतुलित आहार घेणाऱ्या व्यक्तीचे नख कृत्रिम नखांमुळे खराब झाले असेल तर गोळ्यांनी ते लवकर वाढत नाही. बायोटिन या जीवनसत्त्वाचा ठिसूळ नखांवर उपयोग होतो असे काही लहान अभ्यासांत दिसले असले, तरी पुरावा मर्यादित आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे रक्ततपासणीचे काही निष्कर्ष चुकू शकतात. थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचणीबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. बायोटिन सुरू असल्यास रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

मात्र काळजी घेऊनही तीन-चार महिन्यांत नवे नख निरोगी दिसत नसेल, तर कारण शरीरात शोधावे लागते. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांत नखे ठिसूळ होतात. लोह फार कमी झाल्यास नख मधोमध चमच्यासारखे खोलगट होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या देशात हे प्रमाण इतके आहे, तेथे महिनोन्‌महिने झाकलेले नख म्हणजे आजाराची एक सहज दिसणारी खूण झाकून ठेवणेच होय.

हिरवा डाग, नखुरडे आणि बुरशी

गोव्यासारख्या दमट हवेच्या प्रदेशात, विशेषतः जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत, नखाखाली शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. कृत्रिम नख एका कडेने सुटले की त्या फटीत ओल राहते आणि तेथे स्यूडोमोनास नावाचा जीवाणू वाढतो. त्याच्या रंगद्रव्यामुळे नखावर हिरवट किंवा हिरवट-काळा डाग पडतो. अनेकजण याला बुरशी म्हणतात. ती बुरशी नव्हे आणि बुरशीनाशक औषधाने तो जात नाही. कृत्रिम नख काढणे, सुटलेले नख कापणे आणि जागा कोरडी ठेवणे ही पहिली पायरी. त्यानंतरचे औषध डॉक्टरांनी ठरवावे. संसर्ग गेल्यावरही डाग नखाबरोबर पुढे सरकेपर्यंत राहतो. तो झाकण्यासाठी वरून पुन्हा नख बसवणे म्हणजे संसर्गाला पांघरूण घालणे.

नखाच्या कडेची कातडी लाल होऊन सुजणे, ठणकणे, पू होणे म्हणजे नखुरडे. क्युटिकल खरवडल्यावर हे हमखास होते. पू झाल्यास घरी सुईने फोडू नये.

नख पिवळट, जाड, भुसभुशीत होत असेल तर बुरशीची शक्यता असते. पण इजेमुळे खराब झालेले नखही तसेच दिसू शकते. म्हणून नखाचा कापलेला तुकडा प्रयोगशाळेत तपासूनच निदान करावे. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे दुकानातून परस्पर आणून लावण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यांनी लाली तात्पुरती ओसरते, मूळ आजार मात्र आत वाढत राहतो.

ॲलर्जी : आयुष्यभराची बाब

पातळ झालेले नख सहा महिन्यांत भरून येते. ॲक्रिलेटची ॲलर्जी मात्र एकदा जडली की बहुधा कायमची राहते. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साठी ॲक्रिलेटला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले होते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये नखांच्या उत्पादनांमुळे वाढणाऱ्या या ॲलर्जीविषयी जाहीर इशारा दिला. जेलमधील ‘हेमा’ हे रसायन त्यात अग्रभागी आहे; युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने व्यावसायिकांच्या वापरापुरती मर्यादित केली.

पूर्ण घट्ट झालेले जेल सहसा त्रास देत नाही. धोका असतो तो अर्धवट घट्ट झालेल्या जेलचा आणि कातडीवर ओघळलेल्या द्रवाचा. घरी मागवलेल्या संचातील दिवा कमी क्षमतेचा असला, किंवा जेल एका कंपनीचे व दिवा दुसऱ्याचा असला, की वरून कोरडा दिसणारा थर आत कच्चा राहतो.

बोटांच्या टोकांना खाज, भेगा, नखाभोवती पुरळ ही लक्षणे ओळखता येतात. पण हाताने आपण दिवसभर चेहऱ्याला स्पर्श करतो. त्यामुळे पापण्या, मान, गाल यांवरही पुरळ उठते आणि त्याचा संबंध नखांशी आहे, हे ध्यानात येत नाही. अशी शंका आल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

या निदानाचे महत्त्व नखांपुरते नाही. दातांत भरायचे काही पदार्थ, सांधेबदलाच्या शस्त्रक्रियेतील हाडांचे सिमेंट, मधुमेहींच्या ग्लुकोज सेन्सरचे चिकटद्रव्य यांत याच कुळातील रसायने असतात. ज्यांना ही ॲलर्जी आहे, त्यांनी अशा प्रत्येक उपचारापूर्वी डॉक्टरांना व दंतवैद्यांना ती सांगायला हवी.

सर्वाधिक जोखीम आहे ती नखे बसवणाऱ्या मुलींना. दिवसातून अनेक ग्राहकांची नखे करताना त्यांच्या बोटांना हे द्रव सतत लागते आणि ॲलर्जी जडल्यास त्यांचा व्यवसायच सुटतो. साध्या रबरी किंवा प्लास्टिकच्या हातमोज्यांतून ॲक्रिलेट काही मिनिटांत आरपार जाते. नायट्राइलचे मोजे त्यांपेक्षा बरे, तेही वारंवार बदलले तरच. हवा खेळती ठेवणे आणि घासणीची धूळ श्वासात न जाऊ देणे हेही तितकेच आवश्यक.

कोणी ही नखे वापरू नयेत

रुग्णांची थेट शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी कृत्रिम नखे वापरू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ मधील हातांच्या स्वच्छतेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस आहे. हात धुतल्यावरही अशा नखांखाली जंतू टिकून राहतात. स्वयंपाकघरात आणि उपाहारगृहात काम करणाऱ्यांनाही हेच कारण लागू पडते. शस्त्रक्रियेपूर्वी नखे उतरवावीत, कारण बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या नोंदीत त्यांमुळे अडथळा येऊ शकतो. मधुमेह, नखांचा सोरायसिस किंवा रोगप्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बसवू नयेत. सोरायसिसमध्ये नखाला झालेली लहानशी इजाही आजार चेतवू शकते.

पुन्हा बसवायची असल्यास

खराब भाग पूर्ण कापला जाईपर्यंत थांबणे हे उत्तम. त्यानंतरही लांबी बेताची ठेवावी, यंत्राने मूळ नख घासू देऊ नये, क्युटिकलला हात लावू देऊ नये आणि अवजारे निर्जंतुक केली आहेत का, हे विचारण्यास संकोचू नये. जेल कातडीवर आले तर दिव्याखाली हात धरण्यापूर्वी ते पुसून घ्यावे. दिव्याच्या अतिनील किरणांपासून बचाव म्हणून हातांना सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी असलेले हातमोजे घालावेत. एखाद्या समारंभापुरतीच हवी असतील तर त्या दिवसापुरती प्रेस-ऑन नखे लावून, ती न ओढता काढणे हा कमी हानीचा पर्याय आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

ठणका, सूज किंवा पू असेल. हिरवा डाग पडला असेल. नख अर्ध्याहून अधिक सुटले असेल. बोटांवर वा पापण्यांवर खाजरे पुरळ असेल. बोटांची टोके बधिर वाटत असतील. किंवा तीन-चार महिन्यांत मुळाशी निरोगी नख दिसत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. नखावर मुळापासून टोकापर्यंत नव्याने उमटलेली तपकिरी किंवा काळी उभी रेघ, विशेषतः एकाच बोटावरची आणि रुंद होत जाणारी, कधीही झाकू नये. सावळ्या वर्णाच्या लोकांत अशा रेघा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण क्वचित त्या नखाच्या कर्करोगाची पहिली खूण असतात आणि तो फरक तज्ज्ञच करू शकतात. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. तपासणीला जाताना नखांवर कोणताही रंग किंवा लेप नसावा आणि शेवटची कृत्रिम नखे केव्हा बसवली, कशी काढली व कोणते उत्पादन वापरले, याची नोंद सोबत ठेवावी.